एकाच आईची पिल्लं, एक ओढ्यात तर एक समुद्रात: ट्राउटचं कोडं

मुठाकाठची (सोमवार, रात्री ९.१०)

मे महिन्यात आम्ही चौघं तीर्थन खोऱ्यात आठ दिवस राहून आलो. कुल्लू जिल्हा, ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याचा भाग. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांचा मुलगा रीतसर परवाना काढून गळ टाकतो. तिसऱ्या दिवशी त्याने एक ब्राउन ट्राउट आणला. वीतभरापेक्षा थोडा मोठा, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. नळाखाली साफ करताना त्याने पोट चिरून आम्हाला दाखवलं. आत वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली इवलीशी नळकांडी होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा लांब. एका नळकांडीतून अळीचं डोकं अजून बाहेर डोकावत होतं. "घरासकट खातो हा," मुलगा म्हणाला.

पुण्यात आल्यावर या माशाबद्दल वाचायला घेतलं आणि थक्क झाले. युरोपात ज्याला सी ट्राउट म्हणतात तो चंदेरी, तीन-चार किलोचा समुद्री मासा म्हणजे हाच! जवळचा भाऊबंद वगैरे नाही, तीच जात: साल्मो ट्रुटा. एकाच आईने एकाच खड्ड्यात घातलेल्या अंड्यांमधली काही पिल्लं आयुष्यभर ओढ्यात राहतात आणि काही समुद्रात जाऊन मोठी होऊन परत येतात.

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात आहेत. कुणी जायचं आणि कुणी राहायचं हे ठरतं कसं? आणि आमच्या तीर्थनमधला ट्राउट कधी समुद्रात जातो का?

डोंगरवेडा (रात्री ९.३२)

छान धागा. वाचतोय.

पोपटी (रात्री ९.४०)

नळकांडीवाली अळी मी सह्याद्रीतल्या ओढ्यातही पाहिली आहे! दगड उलटा केला की खालच्या बाजूला चिकटलेली असते. कुणी वाळूचं घर करतं, कुणी काड्यांचं.

जीवशास्त्राच्या बाई (रात्री १०.०५)

मुठाकाठची, तो मुलगा अगदी बरोबर बोलला. ती कॅडिसमाशीची अळी. ओढ्यातल्या ट्राउटचं पोट बहुतेक अशाच जीवांवर भरतं: कॅडिस, मेफ्लाय आणि स्टोनफ्लायच्या अळ्या, गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे लहान जीव, वरून पडलेले किडे. जरा मोठा झाला की लहान मासेही खातो. प्रवाहात एका दगडाच्या आडोशाला जागा धरायची, तोंड वरच्या दिशेला ठेवायचं आणि वाहत येईल ते टिपायचं. चांगल्या जागेसाठी मारामाऱ्या होतात, कारण जागा म्हणजेच ताट.

आता पहिला प्रश्न. थंड प्रदेशातल्या ओढ्यात अन्न थोडं आणि खाणारी तोंडं फार. समुद्रात सँडईल, स्प्रॅट, हेरिंगची पिल्लं, कोळंबी यांची रेलचेल. मग जाण्याचा मोह कुणाला अधिक? माद्यांना. ट्राउटची मादी वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड ते दोन हजार अंडी घालते. ओढ्यातली पाव किलोची मादी काही शे अंड्यांवर थांबते, समुद्रातून तीन किलोची होऊन आलेली पाच हजारांच्या घरात जाते. नराचं तसं नाही. छोटा नरसुद्धा ऐन वेळी मधे घुसून अंडी फळवू शकतो. म्हणून समुद्रातून परतणाऱ्यांत माद्या जास्त असतात आणि ओढ्यात राहिलेल्यांत नर.

थोडा भाग आनुवंशिक आहे, थोडा परिस्थितीचा. स्वीडनमधल्या प्रयोगांत दिसलं की जिथे दाटी जास्त आणि वाढ खुंटलेली, तिथली अधिक पिल्लं खालच्या दिशेने निघतात. पोट भरत असेल तर घर सोडायचं कशाला!

शेवग्याची शेंग (रात्री १०.१८)

बाई, हे तर सदाशिव पेठेतल्या प्रत्येक घराचं वर्णन झालं. थोरला न्यू जर्सीला आणि धाकटा आईजवळ. :)

मुठाकाठची (रात्री १०.२५)

शेंगताई, हसले खूप. पण ट्राउट परत येतो हो, आणि पोरंबाळं इथेच करतो!

बाई, एक विचारते. गोड्या पाण्यातला मासा आपण खाऱ्या पाण्यात सोडला तर मरतो. मग हा कसा जगतो?

जीवशास्त्राच्या बाई (रात्री १०.५०)

कारल्याच्या चकत्यांना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तेच समुद्रात माशाचं होतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, माशाच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे समुद्रात माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ओढ्यात याच्या उलट, पाणी सतत आत शिरतं. म्हणून ओढ्यातला ट्राउट पाणी जवळजवळ पीतच नाही आणि भरपूर पातळ लघवी करतो. समुद्रात गेल्यावर तोच मासा पाणी पितो, लघवी अगदी थोडी करतो आणि जादाचे क्षार कल्ल्यांमधल्या खास पेशींतून बाहेर टाकतो.

विलक्षण गोष्ट ही की ही तयारी समुद्र लागायच्या आधी, ओढ्यातच होते. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की एक-दोन-तीन वर्षांच्या पिल्लांच्या संप्रेरकांत बदल होतात. कल्ल्यांतल्या पेशी बदलतात. अंगावरच्या, बोटं उमटल्यासारख्या गडद पट्ट्या ग्वानिनच्या चंदेरी थराखाली झाकल्या जातात. स्वभावसुद्धा पालटतो. काल जागेसाठी भांडणारं पिल्लू आज इतरांबरोबर घोळक्याने खाली निघतं. या अवस्थेला स्मोल्ट म्हणतात. वर्गात हे शिकवताना इतक्या वर्षांनंतरही माझ्या अंगावर काटा येतो.

ॲबर्डीनकर (मंगळवार, पहाटे २.३५)

मूळचा कोथरूडचा, आता स्कॉटलंडमध्ये. इथे यथान नावाची नदी आहे, तिची खाडी सी ट्राउटसाठी प्रसिद्ध. एप्रिल-मेमध्ये स्मोल्ट खाली जातात, बहुतेक रात्रीच्या अंधारात. काही त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस परततात, जेमतेम पाव किलोचे. त्यांना इथले लोक फिनॉक म्हणतात. बाकीचे समुद्रात एक-दोन वर्षं काढून येतात. अंडी घालतात ती शरदात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. मादी शेपटीने खडी उडवून खड्डा करते, अंडी घातली की वरच्या बाजूची खडी उडवून झाकते.

सॅमन दूर ग्रीनलंडच्या बाजूला जातो, पण सी ट्राउट बहुधा किनाऱ्याजवळच चरतो. आणि एकदा नदीत शिरला की फारसा खात नाही, साठवलेल्या चरबीवर निभावतो. इथले गळवाले त्याच्यासाठी रात्री जातात, कारण दिवसा तो भयंकर बुजरा. मी एका ऑगस्टमध्ये मित्राबरोबर गेलो होतो. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, समोरचं काही दिसत नव्हतं आणि डोहात धप्प आवाज झाला. कुणी पोत्याने पाणी झोडपावं तसा. मासा पाण्याबाहेर उडी मारून परत पडला होता. एक शिंतोडा माझ्या चष्म्यावर आला. पकडला काहीच नाही, पण ती रात्र विसरणार नाही.

खारेपाट (सकाळी ७.१५)

अंडी घालून झाल्यावर हे मरतात ना? टीव्हीवर पाहिलंय, अस्वलं खातात ते.

ॲबर्डीनकर (सकाळी ११.५०)

ते पॅसिफिक सॅमन, ते एकदाच अंडी घालतात आणि संपतात. सी ट्राउटचे बरेच जण जगतात, हडकुळे होऊन पुन्हा समुद्रात जातात, पुन्हा खातात, पुन्हा येतात.

खारेपाट (दुपारी १.०५)

धन्यवाद. मग आता आमच्या माशाचं ऐका. मी पेणकडचा, नोकरीनिमित्त पुण्यात. आमचा जिताडा बरोबर उलटं करतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी, मग भरतीबरोबर पिल्लं खाजणात, शेतात, पार गोड्या पाण्यापर्यंत येतात. आमच्याकडे घरामागच्या तळ्यात ही पिल्लं सोडून वाढवायची जुनी पद्धत आहे. करंदी, कोळंबी, बारके मासे खाऊन गब्बर होतात. अंडी घालायची वेळ आली की नदीतला जिताडा खाडीकडे उतरतो. आणि गंमत म्हणजे तो आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो.

वडील सांगायचे, तळ्यातला जिताडा काढायचा तो जावई आला तरच.

तर माझा प्रश्न: ट्राउट खायला समुद्रात जातो आणि जिताडा खायला गोड्या पाण्यात येतो. असं उलटसुलट का?

जीवशास्त्राच्या बाई (दुपारी ४.४०)

खारेपाट, हा या धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. १९८८ साली ग्रॉस, कोलमन आणि मॅकडॉवल या तिघांनी नेमकं यावरच लिहिलं. थंड अक्षांशांत नद्यांपेक्षा समुद्रात अन्न जास्त पिकतं, म्हणून तिथे जन्म गोड्या पाण्यात आणि चरणं समुद्रात, असे मासे जास्त. उष्ण कटिबंधात गोडं पाणी समुद्रापेक्षा सुपीक, म्हणून इथे समुद्रात जन्मून गोड्या पाण्यात चरायला येणारे जास्त. ताट जिथे भरलेलं, तिकडे प्रवास. तुमचा जिताडा आणि यांचा ट्राउट एकाच नियमाची दोन टोकं आहेत.

नदीकाठचा (संध्याकाळी ६.२०)

बाई, पूर्ण पटत नाही. मग पाला, म्हणजे बंगालचा इलिश? तो तर आपल्याच उष्ण प्रदेशातला, पण समुद्रात वाढतो आणि नदीत अंडी घालायला चढतो. फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू व्हायच्या आधी गंगेतून अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही वर जायचा.

जीवशास्त्राच्या बाई (संध्याकाळी ७.००)

बरोबर पकडलंत. तो नियम कल दाखवतो, सक्ती नाही. अंड्यांना सुरक्षित जागा हासुद्धा हिशेब असतोच.

डोंगरवेडा (रात्री ८.१५)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तीर्थनचा ट्राउट मुळात तिथला नाही. इंग्रजांनी गळ टाकण्याच्या हौसेपायी स्कॉटलंडहून अंडी आणून १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये उबवली. तिथून १९०९ मध्ये कुल्लूत.

आता वाट बघा. तीर्थन लारजीला बियासला मिळते, तिथेच धरण. पुढे पंडोह धरण, मग पोंग धरण. त्यानंतर पंजाबचं मैदान, हरिकेला सतलज, मग सिंधू आणि मग अरबी समुद्र. धरणं नसती तरी जमलं नसतं. ट्राउट साधारण १३-१४ अंशांच्या पाण्यात उत्तम खातो, १९-२० च्या पुढे खाणं सोडतो आणि २५ च्या आसपास जिवावर बेततं. मैदानातल्या उन्हाळी पाण्यात तो उकडून निघेल. म्हणजे तिथले सगळे ट्राउट घरकोंबडेच राहणार.

पोपटी (रात्री ८.४०)

म्हणजे समुद्रात जायची ताकद अंगात असूनही शंभर वर्षांहून जास्त काळ कुणी गेलंच नाही. कसंतरी वाटलं वाचून.

ॲबर्डीनकर (रात्री ११.३०)

पोपटी, याची दुसरी बाजूही आहे. अर्जेंटिनाच्या टोकाला तिएरा देल फुएगोत, रिओ ग्रांदे नदीत १९३५ साली ब्राउन ट्राउट सोडले. नदी थंड, वाट मोकळी, समुद्र जवळ. त्यांनी आपणहून समुद्र गाठला आणि आज जगातले सर्वांत मोठे सी ट्राउट तिथे मिळतात. त्यांना कुणी वाट दाखवली नव्हती.

नदीकाठचा (बुधवार, सकाळी ८.०५)

कौतुक पुरे, थोडं कडू बोलतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत ब्राउन ट्राउट आणि रेनबो ट्राउट दोघंही आहेत. हिमालयातल्या नद्यांत आधीपासून असेला होता. त्याला इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात, पण तो आपल्या रोहू-महसीरच्या कुळातला. त्याच्या ताटात हा पाहुणा येऊन बसला. हौशी पर्यटकांनी हे विसरू नये.

मुठाकाठची (सकाळी ९.२०)

नदीकाठचा, हे मला माहीत नव्हतं, आणि सांगितलंत ते बरं झालं. तिथे कुणाच्या तोंडून असेलाचं नावही ऐकलं नाही, यातच सगळं आलं.

शेवग्याची शेंग (सकाळी १०.४०)

अवांतर: मॉलमध्ये ट्राउटचे तुकडे गुलाबी दिसतात ते कशाने? रंग लावतात का?

जीवशास्त्राच्या बाई (सकाळी ११.१०)

वरून लावत नाहीत. नैसर्गिक ट्राउट कोळंबीवर्गातले जीव खातो, त्यांच्यातल्या ॲस्टॅझॅन्थिनमुळे मांस गुलाबी होतं. शेतीतल्या ट्राउटच्या खाद्यात ते मिसळतात. नुसत्या अळ्यांवर वाढलेला पांढरट निघतो.

भिगवणकर (दुपारी ३.३०)

मी आतापर्यंत नुसता वाचत होतो. आम्ही भोई. आजोबांचं बालपण पुण्यात मुठेच्या काठी गेलं, पुढे उजनीच्या पाण्यावर आम्ही इकडे आलो. आता आमच्या जाळ्यात येते ती चिलापी.

काल रात्री आजोबांना हा धागा वाचून दाखवला. ट्राउटचं ऐकून म्हणाले, "असा मासा आपल्याकडंबी हुता की. अहिर." अहिर म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी ईल. वाम वेगळी, तिच्या पाठीवर काटे असतात. अहिर गुळगुळीत, मांडीएवढी जाड व्हायची. हातात ठरायची नाही, म्हणून हाताला चुलीतली राख चोळून धरायचे. आजोबांनी मला खुर्चीतून उठून करून दाखवलं, डाव्या हाताची पकड डोक्यामागे, उजव्या हाताचा अंगठा आत वळवलेला. वय ऐंशीच्या पुढे, पण हात अजून विसरलेला नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं की अहिरीच्या पोटात गाबोळी कधी सापडत नाही. का ते कुणालाच माहीत नव्हतं. बाई, तुम्ही सांगाल का?

जीवशास्त्राच्या बाई (संध्याकाळी ५.१५)

भिगवणकर, तुमच्या पणजोबांना माझा नमस्कार सांगावासा वाटतोय. तुमच्या घरात जे निरीक्षण होतं त्यानेच युरोपातल्या शास्त्रज्ञांना शेकडो वर्षं छळलं. गाबोळी सापडत नाही कारण अहिर नदीत अंडी घालतच नाही. ती समुद्रात जन्मते, काचेसारखी पारदर्शक पिल्लं नदीच्या मुखातून वर चढतात, कित्येक वर्षं गोड्या पाण्यात किडे, खेकडे, मासे खाऊन वाढतात आणि शेवटी अंडी घालायला समुद्राकडे निघतात. गाबोळी पिकते ती या परतीच्या प्रवासात. युरोपातल्या ईलचं जन्मस्थान शोधायला योहानेस श्मिट १९०४ पासून समुद्र धुंडाळत होते, आणि १९२२ मध्ये त्यांनी सारगासो समुद्राकडे बोट दाखवलं.

खारेपाट (संध्याकाळी ५.४०)

म्हणजे पुण्याची अहिर आमच्या अरबी समुद्रातून यायची!

डोंगरवेडा (संध्याकाळी ६.००)

नाही हो! पुण्यापासून कोकणचा समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण मुठेचं पाणी तिकडे जातच नाही. मुळा-मुठा भीमेत, भीमा उजनीतून पंढरपूरवरून रायचूरजवळ कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. मुठेत पोचलेलं ते बोटभर पिल्लू आंध्रच्या किनाऱ्यावरून हजारावर किलोमीटर चढून येत असणार.

नदीकाठचा (संध्याकाळी ६.२५)

अपवाद मुळशीचा. तिथलं पाणी टाटांच्या धरणातून भिऱ्याला उतरतं आणि कुंडलिकेतून रेवदंड्याला जातं. पण ते नळातून आणि टर्बाइनमधून, त्या वाटेने मासा काय चढणार.

आणि पूर्वेच्या वाटेवर प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, उजनी. आजोबांना अहिर दिसेनाशी झाली ती का, हे वेगळं सांगायला नको. वर आपल्या शहराने नदीत काय सोडलंय ते आहेच.

पोपटी (संध्याकाळी ७.३०)

मुठेबद्दल एक भर. दख्खनचा महसीर, ज्याला शास्त्रात टोर खुद्री म्हणतात, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आपली नदी म्हणजे त्या माशाचं शास्त्रातलं जन्मगाव. तो समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात अंडी घालायला वरच्या प्रवाहात चढतो. मावळात जूनमध्ये चढणीचे मासे पकडतात तेव्हा गाबोळीने भरलेल्या माद्याच हाती लागतात. पहिल्या पुराचे आठ-दहा दिवस तरी जाळी बाजूला ठेवा, असं मी दरवर्षी गावात सांगते. कुणी ऐकतं, कुणी नाही.

भिगवणकर (रात्री ८.१०)

पोपटीताई, आजोबा हेच म्हणतात. चढणीचा मासा सोडायचा, उतरणीचा धरायचा.

मुठाकाठची (शुक्रवार, रात्री ९.५०)

धागा काढताना वाटलं नव्हतं की तीर्थनहून निघून माझ्याच घरामागच्या नदीत येऊन पोचेन.

मूळ प्रश्नाकडे येते, कारण उत्तर हाती लागलंय. त्या ट्राउटचे पाच-सहा खवले मी वहीत कागदाच्या पुडीत ठेवले होते, ठिपक्यांची आठवण म्हणून. बाईंनी निरोप पाठवून घरी बोलावलं. त्यांनी खवला कोमट पाण्यात भिजवून दोन काचांमध्ये धरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं! वाढ मंदावली की वर्तुळं दाटीने येतात, तो हिवाळा. खाणं भरपूर मिळालं की ती लांब लांब पडतात. समुद्रातून आलेल्या माशाच्या खवल्यात आतली दाट वर्तुळं संपून एकदम रुंद पट्टे सुरू होतात, त्याचं चित्र बाईंनी शेजारी ठेवलं होतं. माझ्या माशाच्या खवल्यात तीन हिवाळे मोजता आले. रुंद पट्टा कुठेच नव्हता, शेवटच्या कडेपर्यंत सगळी वर्तुळं एकमेकांना खेटून. तिन्ही वर्षं तो त्याच ओढ्यात अळ्या टिपत होता.

भिगवणकर, आजोबा पुण्याला येणार असतील तर मला त्यांना भेटायचं आहे. मुठेत अहिर कुठे धरायचे ती जागा त्यांच्याकडून बघायची आहे.

भिगवणकर (रात्री १०.३०)

ताई, रविवारी डोळे दाखवायला त्यांना घेऊन येतोच आहे. सकाळी सातला विठ्ठलवाडीच्या घाटावर या. ते म्हणतात, देवळाच्या खालच्या अंगाला डोह होता, तिथला कातळ अजून असेल तर दाखवतो.

जीवशास्त्राच्या बाई (रात्री १०.४२)

मीही येते.